डेटा गेलाच नव्हता: विंडोज 11 च्या नावाखाली माझी झालेली फसवणूक

मी कराडला डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, श्रद्धांजलीचे बोर्ड, पतसंस्थांचे अहवाल, शिवाय ऑनलाइन फॉर्म भरून देणं, असं सगळं. कॉम्प्युटर एकच, 2018 साली घेतलेला, आठव्या पिढीचा आय-5, आठ जीबी रॅम. त्यावर विंडोज 10 होती आणि सात वर्षांचं काम होतं.

गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये दुकानात एक पत्रक आलं. ‘14 ऑक्टोबरनंतर विंडोज 10 बंद! तुमचा कॉम्प्युटर बंद पडण्याआधी अपग्रेड करून घ्या. डेटा आणि सॉफ्टवेअर जसंच्या तसं.’ खाली मोबाइल नंबर. त्यातली तारीख खरी होती. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 पासून विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला. पण त्याचा अर्थ सुरक्षेचे नवे अपडेट येणं थांबतं एवढाच. कॉम्प्युटर त्यानंतरही रोजच्यासारखा सुरू होतो. हे मला माहीत नव्हतं. दिवाळी तोंडावर, तुळशीचं लग्न 2 नोव्हेंबरला, म्हणजे पुढे पत्रिकांचा हंगाम. ऐन हंगामात मशीन बंद पडलं तर काय, या धास्तीने मी फोन केला.

तो माणूस आला, बोलायला अगदी सौम्य. सेटिंगमध्ये गेला, तिथे ‘हा पीसी सध्या विंडोज 11 च्या किमान अटी पूर्ण करत नाही’ असा संदेश होता, तो मला दाखवला. म्हणाला, “ताई, साध्या पद्धतीने नाही होणार. आमच्याकडे स्पेशल व्हर्जन आहे. लायसन्स ओरिजिनल देतो, 2300 रुपये. माझी मजुरी 500. मशीन न्यावं लागेल.” मी तीन वेळा विचारलं, माझ्या फाइल्स? डिझाइनचं कोरल? मराठी फॉन्ट? तो म्हणाला, “एक फाइल इकडची तिकडे होणार नाही. आधी पूर्ण बॅकअप घेतो, मगच हात लावतो.”

शुक्रवारी, 10 ऑक्टोबरला संध्याकाळी सातच्या सुमारास त्याने सीपीयू गाडीवर बांधून नेला.

रविवारी दुपारी त्याचा फोन. आवाज पडलेला. “ताई, वाईट बातमी आहे. तुमची डिस्क आधीपासूनच खराब होती. बॅकअप घेताना बसली. काहीच कॉपी झालं नाही. नवी विंडोज बसवून दिलीय, पण डेटा गेला.”

हातपाय गार पडले. माझ्याकडे अकरा पत्रिकांचे मजकूर तपासून झाले होते, त्यातल्या चार सोमवारी छापायला जायच्या होत्या. डी ड्राइव्हला ठेवलंय म्हणजे सुरक्षित आहे, असं मी इतकी वर्षं समजत होते. सी आणि डी हे बहुतेकदा एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क गेली किंवा कोणी सगळे भाग पुसले की दोन्ही जातात, हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्यानेच मार्ग सुचवला. पुण्यात एक लॅब आहे, तिथे त्याची ओळख आहे. रिकव्हरीला एरवी पंधरा-वीस हजार घेतात, आपल्याला नऊ हजारांत होईल, त्यात एक टीबीची नवी एक्स्टर्नल डिस्कही आली. मी सोमवारी पाच हजार यूपीआयने आणि चार हजार रोख दिले. पावती मागितली तर म्हणाला, लॅबकडून आली की देतो. बुधवारी त्याने सीपीयू आणून बसवला आणि ती डिस्क हातात दिली. “शंभर टक्के मिळालं ताई, नशीब चांगलं तुमचं.” मी त्याला चहा दिला, वर मिठाईचा पुडाही दिला.

डिस्क उघडली. सगळे फोल्डर होते. ‘पत्रिका 2023’, ‘पत्रिका 2024’, ‘पतसंस्था’, ‘आधार-पॅन स्कॅन’, अगदी ‘नवीन फोल्डर (4)’ सुद्धा. पण कोरल नव्हतं, पानं लावायचं पेजमेकर नव्हतं, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर नव्हतं. आमच्या धंद्यातल्या जुन्या फाइल्स युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसतात. त्या ठरावीक फॉन्टवर चालतात आणि तो फॉन्ट मशीनमध्ये नसला की अक्षरं ओळखता येत नाहीत. छापखान्यात जाऊन त्यांच्या कॉम्प्युटरवर एक पत्रिका उघडली. ‘श्री गजानन प्रसन्न’ असायला हवं तिथे डोक्यावर टोप्या आणि टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं, मधेच पौंडाची खूण, मधेच रिकामा चौकोन. वधूचं नाव, वराचं नाव, मुहूर्ताची वेळ, सगळं तसंच. ती पत्रिका त्याच आठवड्यात वाटायची होती. मी पीडीएफवरून बघून रात्री दोन वाजेपर्यंत ती पुन्हा टाइप केली. टायपिंगच्या सॉफ्टवेअरची जुनी सीडी आणि ते चालायला मशीनला लावावं लागणारं लॉक सुदैवाने कपाटात होतं. सीडी ड्राइव्ह उसना आणला. कोरल पुन्हा चालू व्हायला आणखी तीन दिवस गेले.

तरीही तोपर्यंत मला वाटत होतं, आपली डिस्कच खराब होती, त्या बिचाऱ्याने निदान डेटा तरी वाचवला.

भाऊबीजेला दादा आला, सोबत माझा भाचा. तो पुण्यात एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात कामाला आहे. ओवाळणी झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तो जेवायच्या आधी दुकानात जाऊन बसला आणि दहा मिनिटांनी म्हणाला, “आत्या, तुझा डेटा कधी गेलाच नव्हता.”

त्याने जे दाखवलं ते सविस्तर लिहिते, कारण हे कोणीही आपलं आपण पाहू शकतं.

आधी त्याने एक्स्टर्नल डिस्कवरच्या एका पत्रिकेवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या. तिथे तारखा असतात, त्यातल्या दोन कामाच्या. ‘मॉडिफाइड’ म्हणजे फाइलमध्ये शेवटचा बदल कधी झाला ती. ती फेब्रुवारी 2024 ची होती, बरोबर. ‘क्रिएटेड’ म्हणजे ती फाइल त्या डिस्कवर कधी आली ती. तिथे लिहिलं होतं, 10 ऑक्टोबर 2025, रात्री 9 वाजून 12 मिनिटं. दुसरी फाइल, 9 वाजून 14. पतसंस्थेचा अहवाल, 9 वाजून 31. म्हणजे मशीन नेल्यावर दोन-अडीच तासांतच माझं सगळं या डिस्कवर उतरलं होतं. जी डिस्क त्याने मला पुण्याच्या लॅबमधून आणली म्हणून विकली, तीच.

मग त्याने कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘सिस्टमइन्फो’ (systeminfo) अशी आज्ञा दिली. विंडोज कधी टाकली ती तारीख त्यात येते. 11 ऑक्टोबर, सकाळी 11 वाजून 40 मिनिटं. आधी रात्री पूर्ण कॉपी, मग दुसऱ्या दिवशी सगळे भाग पुसून नवी विंडोज, आणि रविवारी मला फोन.

‘खराब’ डिस्क म्हणावी तर माझी जुनीच एसएसडी, म्हणजे आत फिरते भाग नसलेली डिस्क, आत होती. तिची तब्येत तपासणारं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात ‘गुड, 91 टक्के’ आलं. भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली. एसएसडीवरचे भाग पुसून त्यावर नवी विंडोज टाकली की विंडोज त्या डिस्कला ‘ट्रिम’ नावाची सूचना देते आणि डिस्क जुन्या जागा खरोखर रिकाम्या करून टाकते. त्यानंतर रिकव्हरीत जवळजवळ काही हाती लागत नाही. आणि जुन्या पद्धतीच्या, फिरत्या डिस्कवरून अशा अवस्थेत फाइल्स काढल्या तरी बऱ्याचदा नावं जातात, आकडे लागलेल्या शेकडो फाइल्स एकाच ठिकाणी पडतात. सगळे फोल्डर, सगळी नावं, ‘नवीन फोल्डर (4)’ सकट जसंच्या तसं परत आलं, तर ती रिकव्हरी नसते, ती कॉपी असते.

‘ओरिजिनल’ लायसन्सचीही तीच गत. ‘एसएलएमजीआर’ ही आज्ञा एक्सपीआरसह (slmgr /xpr) दिली की लायसन्सची मुदत दिसते. खऱ्याला कायमस्वरूपी असं येतं. माझ्याकडे एप्रिल 2026 मधली एक तारीख आली. मोठ्या कार्यालयांसाठी 180 दिवसांची आणि पुन्हा पुन्हा नूतनीकरण होणारी एक पद्धत असते, तिची नक्कल करणारं चोरटं सॉफ्टवेअर त्याने टाकलं होतं. ते पकडलं जाऊ नये म्हणून विंडोजच्या अँटिव्हायरसला एक पूर्ण फोल्डर तपासू नको असं सांगून ठेवलं होतं. त्या मशीनवर मी आठवडाभर लोकांचे फॉर्म भरत होते.

सगळ्यात जास्त मला याचा राग आला की यातलं काहीच करायची गरज नव्हती. ‘अटी पूर्ण करत नाही’ हा संदेश का येत होता? विंडोज 11 ला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते. माझ्या मदरबोर्डवर ती होती, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये, बंद होती. माझ्या बायोसमध्ये तिचं नाव पीटीटी असं आहे. ती चालू केली असती तर विंडोज अपडेटमधूनच विंडोज 11 फुकट मिळाली असती, माझं मूळ होम लायसन्स तसंच राहिलं असतं, आणि कोरल, फॉन्ट, फाइल्स, अगदी डेस्कटॉपवरचा गणपतीचा फोटोसुद्धा जागेवर राहिला असता.

अपडेटमध्ये ती येत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज 11 ची आयएसओ फाइल (पूर्ण विंडोज एकाच फाइलमध्ये) उतरवून, चालू विंडोजमध्येच ती उघडून आतलं सेटअप चालवायचं. त्यात पुढे विचारतात, काय ठेवायचं? वैयक्तिक फाइल्स आणि अ‍ॅप्स, नुसत्या फाइल्स, की काहीच नाही. पहिला पर्याय निवडायचा. तो पुसट दिसत असेल, निवडताच येत नसेल, तर तिथेच थांबायचं. बहुतेक वेळा उतरवलेल्या विंडोजची भाषा किंवा आवृत्ती आपल्यापेक्षा वेगळी असते, ती बरोबर उतरवली की पर्याय उघडतो. पेनड्राइव्ह लावून, मशीन त्यावरून सुरू करून जे केलं जातं त्यात प्रोग्रॅम राहत नाहीत. तेव्हा कोणी “सगळं राहील” म्हणत पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करायला लागला, तर तिथेच त्याला विचारा. चालू विंडोजमधून अपग्रेड केल्यावर काही बिघडलं तरी जुनी विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये दहा दिवस असते, सेटिंगमधून परत जाता येतं.

ज्यांचं मशीन खरोखरच जुनं आहे, सातव्या पिढीचं किंवा त्याआधीचं, त्यांनाही लगेच पैसे मोजायची घाई नाही. विंडोज 10 ला सुरक्षेचे वाढीव अपडेट 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत घरगुती वापरासाठी मिळतात. विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवता येतं, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर त्यासाठी पैसे पडत नाहीत.

आणि बॅकअप स्वतः घ्या, मशीन दाराबाहेर जायच्या आधी. डिस्क स्वतः विकत आणा, कॉपी करा, ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाच-सहा फाइल्स उघडून बघा. पत्रिकेवाल्यांनी फॉन्टचा फोल्डर वेगळा घ्यावा. माझ्या हातात अशी एक डिस्क असती, तर रविवारच्या त्या फोनला मी “बरं” एवढंच म्हटलं असतं.

पाडव्याच्या पुढच्या आठवड्यात मी भाच्याला घेऊन त्या माणसाकडे गेले. तारखा दाखवल्या. तो म्हणाला, “तुमच्या मशीनमधल्या घड्याळाचा सेल गेलाय, तारीख चुकीची पडते.” भाच्याने शांतपणे विचारलं, कॉपी तर तुमच्या मशीनवर केलीत, मग आमच्या सेलचा काय संबंध? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग मी पोलीस ठाण्यात अर्ज दिला, यूपीआयच्या व्यवहाराचा आणि तारखांचा स्क्रीनशॉट जोडला. दोन दिवसांनी त्याने पाच हजार खात्यावर परत पाठवले. रोख चार हजार आणि आधीचे 2800 दिल्याचा माझ्याकडे पुरावा नव्हता, ते नाही मिळाले. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवरही मी तक्रार नोंदवली आहे.

पैशाचं मला आता तितकं वाटत नाही. ‘आधार-पॅन स्कॅन’ या फोल्डरमध्ये सात वर्षांत माझ्याकडे फॉर्म भरायला आलेल्या लोकांची कागदपत्रं होती. आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, मुलांचे दाखले. ज्याने ती एका रात्रीत कॉपी केली, त्याच्याकडे ती अजून नाहीत असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? लोकांनी ती माझ्या भरवशावर दिली होती आणि काम झाल्यावर ती पुसून टाकणं माझं काम होतं.

म्हणून नोव्हेंबरपासून मी रोज दुपारी वही घेऊन बसते आणि एकेकाला फोन करते. काय झालं ते सांगते, आधारचं बायोमेट्रिक लॉक कसं करायचं ते सांगते, अनोळखी फोनवर ओटीपी देऊ नका म्हणते. काही जण रागावतात, त्यांचं बरोबर आहे. एका आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग बाई, माझ्या पेन्शनचं काय?” दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन बँकेत गेले. वहीत अजून 140 नावं बाकी आहेत.