आधी ओटा की आधी ट्रॉल्या?

स्वयंपाकघर नव्यानं करायचं म्हटलं की तोडफोड, झिऱ्या (वायर-पाइपांसाठी भिंतीत पाडायच्या खाचा), वायरिंग, नळाच्या लाइनी, प्लास्टर, फरशी इथपर्यंत कुणाचं दुमत नसतं. फाटा फुटतो तो फरशीनंतर. एक तर गवंड्याकडून कडप्पा उभा करून, वर ग्रॅनाइट टाकून ओटा बांधायचा आणि ट्रॉल्या मागाहून त्या खणांत बसवायच्या. नाहीतर कारखान्यातून आलेले प्लायचे बॉक्स आधी मांडायचे आणि त्यांच्यावर ग्रॅनाइट चढवायचं. माझ्या हातून दोन्ही झालं. डोंबिवलीच्या घरात बॉक्स आधी, पुण्यात ओटा आधी.

दिसायला बॉक्सवालं काम सरस, हे आधीच कबूल करून टाकतो. सगळं यंत्रावर कापलेलं, ६०० म्हणजे ६०० मिलिमीटर. कडप्प्याचे खण गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, येतीलच असं नाही. पुण्यात आमचा पहिला खण पुढून साडेतेवीस इंच भरला आणि मागून तेवीस. ट्रॉलीवाल्यानं वर, मध्ये, खाली असा तीन ठिकाणी टेप लावला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि त्यातलं सगळ्यात लहान माप वहीत टिपलं. उरलेल्या फटीत पट्टी आली. आपण शेजारी उभे असलो की गवंडी गुण्या आणि ओळंबा काढतो. त्या दिवशी मी ऑफिसात होतो.

तरीही कुणी विचारलं तर मी आधी ओटाच सांगतो. त्याचं कारण डोंबिवलीचं बाथरूम.

तिथे बॉक्स यायलाच पाच आठवडे लागले. बॉक्स बसल्याशिवाय ग्रॅनाइटवाला माप घेत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, भिंतीनं कुठे पोट काढलंय ते तेव्हाच कळतं. मग कटिंग, हॉबचा (ओट्यात बसवायच्या शेगडीचा) चौकोन, कडांचं पॉलिश, म्हणजे आणखी एक आठवडा. ग्रॅनाइट नाही म्हणून सिंक नाही, सिंक नाही म्हणून नळ नाही. ओट्यामागच्या टाइल्सही अडून राहिल्या, कारण त्या ग्रॅनाइटवर टेकवून लावल्या तरच मागची फट झाकली जाते. उलट केलं की त्या सांध्यात आयुष्यभर सिलिकॉन भरत बसा. स्वयंपाकाचं एक वेळ जमतं, शेगडी हॉलमधल्या टेबलावर गेली. भांड्यांचं काय? आई बाथरूममध्ये पाटावर बसून कुकर घासायची. जाळीत भाताची शितं अडकून पाणी तुंबलेलं, आणि दाराबाहेर मी खांद्यावर टॉवेल टाकून अंघोळीसाठी ताटकळत उभा. हे चाळीस दिवस चाललं. ड्रॉवर किती मऊ सरकतात याचं कौतुक करायला त्यानंतर घरात कुणी उरलं नव्हतं.

पुण्यात फरशी झाल्यावर दहाव्या दिवशी नळ सुरू झाला. खाली नुसते उघडे खण, त्यांत डबे आणि पुढे जुन्या साडीचा पडदा. ट्रॉल्या दीड महिन्यानं आल्या, पण तोवर कुणाचं काही अडलं नाही.

दुसरा फरक सावकाश लक्षात आला. डोंबिवलीत खलबत्त्यात काही कुटायला घेतलं की खालच्या ट्रॉलीतल्या वाट्या नाचायच्या. कडप्प्यावर तो आवाज दबून जातो. शिवाय सिंकखाली गळती झाली तर दगडाला फडकं फिरवलं की झालं. प्लाय ७१० ग्रेडचा, म्हणजे पाण्याला टिकणारा म्हणून विकला जाणारा, असला तरी प्लंबरनं पाइपसाठी जिथे भोक पाडलं, त्या उघड्या कडेनं आमचा फुगला. सगळ्यांचाच फुगतो असं म्हणत नाही.

आधी ओटा करायचा तर ट्रॉलीवाल्याचं ड्रॉइंग मात्र त्याच्याही आधी हवं. खण किती रुंद, सिलिंडर कुठे, सोळा अँपिअरचे पॉइंट कुठे, हे सगळं झिऱ्या मारण्यापूर्वी. सिंक आणि हॉबही घरात आणून ठेवा. कॅटलॉगवरचं माप सांगून ग्रॅनाइट कापून घेऊ नका. पाइप गॅस असेल तर त्याची लाइन उघडीच राहते आणि गॅस बंद करायच्या खटक्यापर्यंत हात पोचावा लागतो, म्हणून त्या खणात खोल ट्रॉली घालू नका. आम्ही घातली होती, मग मागून कापली.

नवा फ्लॅट असेल, अजून राहायला गेला नसाल, तर माझं अर्धं गाऱ्हाणं तुम्हाला लागूच होत नाही. तिथे खुशाल बॉक्स आधी करा, काम बहुधा देखणंच होईल. मीही तशा रिकाम्या घरात कदाचित तेच केलं असतं. कदाचित.

ओटा आधी करण्यातला एक तोटा मात्र सांगायला हवा. स्वयंपाक सुरू आहे हे एकदा कळलं की ट्रॉलीवाल्याला घाई उरत नाही. ‘ताई, तुमचं काम तर चालू झालंय ना,’ असं तो बायकोला फोनवर म्हणायचा. आमच्या सिंकखालचं दार गणपतीत येणार होतं, ते दिवाळीनंतर आलं. साडीच्या पडद्याचं तिनं आता मिक्सरवर टाकायला कव्हर शिवलंय.