जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये ब्लूटूथ, की जुन्या धाटणीचा नवा रेडिओ?

घरातला जुना ट्रान्झिस्टर सुधारावा, की नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून लाकडी चेहऱ्याचा नवा ब्लूटूथ रेडिओ आणावा?

मेहनत नव्याला काहीच नाही. जुन्यात ब्लूटूथ मॉड्यूल (फोनचा आवाज पकडणारी छोटी पट्टी) बसवून त्याचे डावे-उजवे आउटपुट एकेका १ किलोओहम रेझिस्टरमधून एकत्र करून व्हॉल्यूम कंट्रोलच्या इनपुटला जोडायचे, ट्यूनरची तार स्विचवर घ्यायची. मॉड्यूल ५ व्होल्टचं असेल तर ४ सेलचे ६ व्होल्ट थेट देऊ नका, जळेल. गुणगुण आली तर दोष बहुधा सामाईक ग्राउंडचा, म्हणजे मॉड्यूल आणि रेडिओ यांच्या एकच असलेल्या ऋण तारेचा. मॉड्यूलच्या विजेसाठी आयसोलेटेड कन्व्हर्टर (वीज वेगळी करून देणारा) लावा.

टिकण्यात जुनाच सरस. नव्यातली लिथियम बॅटरी मे महिन्यातल्या ४५ अंशांत, उन्हाच्या खिडकीत लवकर खराब होते, फुगतेही. शिवाय बऱ्याच नव्यांत फक्त एफएम. आकाशवाणी नागपूरचं मीडियम वेव्हवरचं ५८५ किलोहर्ट्झ त्यांवर लागणारच नाही.

फोनवरचीच गाणी ऐकायची असतील तर नवा घ्या. घरात मीडियम वेव्ह ऐकणारं कोणी असेल आणि सोल्डरिंग जमत असेल, तर जुना उघडा.