मजकूर मेलमध्ये की फाइलमध्ये? जीमेल, मराठी मजकुराच्या कसोटीवर

प्रेसला, दिवाळी अंकाच्या संपादकाला किंवा डीटीपीवाल्याला मजकूर पाठवायचा तर बहुतेकांच्या हाताशी जीमेलच असतं. लेख थेट मेलमध्ये टाकावा की फाइल जोडावी, हे ते तुमच्यावर सोडतं, आणि चुकलात तरी चकार शब्द काढत नाही.

मजकूर यूनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोन-संगणकावर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरांत असेल आणि पलीकडे तो पानावर नव्याने लावला जाणार असेल, तर मेलमध्येच टाका. फोनवर उघडतो, शोधता येतो, उचलून पानात ओतता येतो. फक्त वर्डमधून आणताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा, नाहीतर फॉन्ट, रंग, समास असा सगळा अदृश्य पसारा सोबत येतो. हा पसारा नुसता दिसायला वाईट नाही. साधारण १०२ केबीच्या पुढचा मेल जीमेल कापून दाखवतं आणि तळाशी ‘पूर्ण मेसेज पाहा’ अशी बारीक लिंक ठेवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. एकट्या ‘क्षि’मध्ये चार चिन्हं, म्हणजे १२ बाइट. लांब लेख असला आणि डीटीपीवाल्याने घाईत दिसतं तेवढंच उचललं, तर शेवटचे परिच्छेद गेलेच समजा.

खरी गंमत जुन्या फॉन्टची. कृतिदेवमध्ये ‘कमल’ टाइप केलेलं असतं, पण फाइलच्या पोटात रोमन डी, ई आणि वाय असतात. मेलमध्ये पेस्ट केलं की फॉन्ट गळतो आणि ती तीन रोमन अक्षरंच उरतात. श्री-लिपीची जात निराळी, दुखणं तेच. असा मजकूर मेलमध्ये टाकूच नका: मूळ फाइल जोडा, आणि सोबत त्याच मजकुराची पीडीएफ, म्हणजे अक्षर कुठे बिघडलं ते ताडून पाहता येईल. कन्व्हर्टरने यूनिकोड केलंत तर रफार, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं डोळ्यांखालून घालाच.

नुसती पीडीएफ मात्र कुणाला लावायला देऊ नका. छपाईला उत्तम, पण तिच्यातून मराठी उचललं की पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते आणि रफार जागा सोडतो. पीडीएफ अक्षरांचे आकार जसे दिसतात तसे मांडते, लिहिण्याचा क्रम पाळतेच असं नाही.

अटॅचमेंटची २५ एमबीची मर्यादा लेखाला भरपूर, फोटोंना तोकडी. त्यापुढची फाइल आपोआप ड्राइव्हवर जाते, तेव्हा परवानगीची चौकट न वाचता पुढे गेलात तर पलीकडचा दारातच अडकतो. आणखी एक खाच: मेलमध्ये जाताना फाइलच्या दर ३ बाइटांचे ४ होतात. २० एमबीची फाइल वाटेत २७ एमबीच्या घरात जाते, आणि समोरचा सर्व्हर कडक असेल तर परत येते.

फोटो छापायचे असतील तर मजकुरात चिकटवू नका, वेगळे जोडा. मथळा आणि फाइलचं नाव एकच ठेवलं की कुठला फोटो कुठे, हे विचारायला फोन येत नाही.

दुरुस्त्यांच्या फेरीत एक सवय जपावी लागते. ‘रिप्लाय’ केलं की मूळ अटॅचमेंट मागे राहते, ‘फॉरवर्ड’ केलं तर सोबत जाते. मेलमधला मजकूर मात्र दोन्ही वेळा खाली राहतो. म्हणून दुरुस्त्या मेलमध्ये लिहा, पान आणि ओळ क्रमांकासह, आणि दुरुस्त फाइल नव्या नावाने पुन्हा जोडा. ‘लेख-अंतिम-नवीन-२’ हे नाव नव्हे, तारीख घाला.