चौदा महिने कोरियन मालिका आणि गाणी : मराठी कानाला काय सापडलं

भाचीने तिच्या अ‍ॅपचा पासवर्ड दिला, त्याला या महिन्यात चौदा महिने झाले. उजवा हात प्लास्टरमध्ये, बँकेतून रजा आणि बाहेर सांगलीचा पाऊस. "मावशी, एकच बघ. नाही आवडली तर सोड," म्हणून ती पुण्याला निघून गेली. हात बरा झाला, वेड राहिलं. आजवर सव्वीस मालिका पुऱ्या पाहिल्या, पाच अर्ध्यावर सोडल्या, एक अल्बम आणि एक लाइटस्टिक, म्हणजे चाहत्यांनी मैफलीत हलवायचा हातदिवा, विकत घेतली. पैसे आणि झोप दोन्ही गेल्यावर लिहिते आहे, त्यामुळे कौतुक असलं तरी ते आंधळं नाही.

पहिले दोन महिने मी हिंदी डबिंगवर काढले. ते करू नका. एका अ‍ॅपवर तर राजापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे एकाच स्टुडिओतल्या चार आवाजांत बोलत होते. मग इंग्रजी सबटायटलवर आले. तिथे गोष्ट कळायला लागली, पण सतत काहीतरी खटकायचं. बाई तोंडाने लांबलचक, मानाचं काहीतरी म्हणते आणि खाली येतं 'थँक्स'.

खटका नेमका कुठे आहे, हे 'उरी' या शब्दाने उलगडलं. उरी म्हणजे आमचं. कोरियन बाई नवऱ्याबद्दल बोलताना 'उरी नाम्प्यॉन' म्हणते, एकुलता एक मुलगासुद्धा 'उरी ऑम्मा' म्हणतो. इंग्रजीत बिचाऱ्यांना 'माझा नवरा', 'माझी आई' करावं लागतं, कारण तिथे 'आमचा नवरा' म्हटलं तर भलताच अर्थ होईल. आपल्याला काय अडचण? 'आमचे हे' म्हणतच संसार झाला. त्या दिवसापासून मी सबटायटल डोळ्यांनी वाचते आणि कानाने मनातल्या मनात मराठी करते. ओळखी इतक्या निघतात की मौज वाटते. वडील म्हणजे 'आप्पा'. भात आणि जेवण दोन्हींना एकच शब्द, 'बाप'. आणि 'जेवलास का?' हा प्रश्न तिथेही भुकेपेक्षा मायेचाच जास्त असतो.

दुसरी गोष्ट अहो-जाहोची. प्रत्येक प्रेमकथेत पाचव्या-सहाव्या भागाच्या सुमारास दोघांपैकी एकजण विचारतो, आता जरा मोकळं बोलूया का? इंग्रजीत हे वाक्य अगदीच पोकळ वाटतं. इतका वेळ हे काय बांधलेले होते का? खरं तर तो विचारत असतो, 'अरे-तुरे करू का?' तिथून क्रियापदांची शेपटं बदलतात. भांडण झालं की तीच बाई पुन्हा 'तुम्ही'वर जाते आणि आपल्याला कळतं की आज काही खरं नाही. सबटायटलमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

नात्यांचंही तसंच. मुलगी थोरल्या भावाला ओप्पा म्हणते, मुलगा ह्यॉङ म्हणतो. थोरली बहीण मुलीची ऑन्नी, मुलाची नूना. 'स्क्विड गेम' या मालिकेत आपल्या दिल्लीच्या अनुपम त्रिपाठीने केलेला अली बरोबरच्या एका खेळाडूला आधी 'साजांगनिम', म्हणजे साहेब, म्हणतो आणि पुढे त्याला 'ह्यॉङ' म्हणू लागतो. इंग्रजीत तिथे नुसतं नाव येतं. साहेबाचा दादा झाला, ही एवढी मोठी गोष्ट त्यात हरवते आणि मग त्याच दादाने पुढे दिलेला दगा अर्धाच बोचतो. एक ओप्पा मात्र मला अजून पचलेला नाही. सख्ख्या भावालाही ओप्पा आणि प्रियकरालाही ओप्पा! आपल्याकडे दादा म्हटलं की तो विषय तिथेच मिटला.

शिवाय कोरियनमध्ये क्रियापद आपल्यासारखंच वाक्याच्या शेवटी येतं. नट म्हणतो, 'तुला मी सोडून जाणार...' आणि श्वास घेतो. त्याचा 'नाही' अजून यायचा असतो. इंग्रजी सबटायटलने तोवर सगळं सांगून टाकलेलं असतं. चांगल्या नटाचा थांबा असा दर वेळी वाया जातो.

म्हणून चौथ्या महिन्यात लिपी शिकले. अक्षरं एका रविवारात झाली, वाचायला हात बसायला महिना लागला. राजा सेजोंगने १४४३ मध्ये ही लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये जाहीर केली. मूळ व्यंजनं १४, स्वर १०. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे, त्यांची काही अक्षरं म्हणजे त्या जागेची चित्रंच आहेत. न म्हणजे वर टेकलेल्या जिभेचा काटकोन, म म्हणजे तोंडाचा चौकोन. क ला एक आडवी रेघ जास्त दिली की ख, त ला दिली की थ. महाप्राण कळणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. रोमन लिपीतून शिकणाऱ्यांचे मात्र हाल. त्यांची राजधानी सोल, तिला आपण 'सेऊल' लिहितो तेही रोमन ई-ओ या जोडीमुळे. मूळ उच्चार 'सऑ-उल'च्या जवळचा आहे.

सगळ्यात मोठा धक्का संधींचा. 'कामसाहाम्निदा' म्हणजे आभारी आहे. लिहिताना तिथे 'हाप्-निदा' असतं, पुढे न आला म्हणून प् चा म् होतो. 'हान्गुक' अधिक 'माल', म्हणजे कोरियन भाषा, याचा उच्चार 'हान्गुङ्माल'. मी वही खाली ठेवली. वाक् अधिक मय, वाङ्मय! नववीत ज्या नियमासाठी छडी खाल्ली, तो नियम सोलची माणसं येता-जाता पाळतात.

आता मालिकांबद्दल. ठराविक माप सोळा भागांचं, तासाभराचा एक भाग, आठवड्याला दोन. अलीकडे बारा भागांच्याही येतात. गोष्ट संपते, हा आपल्या मालिकांच्या तुलनेत केवढा मोठा गुण! पण बाराव्या भागाच्या आसपास बहुतेकींचा दम जातो. मग लहानपणी दोघं भेटले होते असं निघतं, नाहीतर ट्रक येतो, नाहीतर स्मृती जाते. श्रीमंत वारसदार इतके आहेत की तिथे गरीब वारसदार निघतच नसावा. मालिकेच्या आत वस्तूंची जाहिरात करायला २०१० पासून कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे हृदय तुटलेली मुलगीसुद्धा त्याच त्या साखळीतल्या दुकानात सँडविच खायला जाते. आणि गोरेपणाचं वेड आपल्यापेक्षाही जास्त आहे, ते दर दुसऱ्या भागात टोचतं.

एकच पाहणार असाल तर 'रिप्लाय १९८८' पाहा. २०१५-१६ ची, वीस भागांची. सोलमधल्या सांगमुन-दोंग भागातली एक गल्ली, पाच घरं, ऑलिंपिकचं वर्ष. पहिल्याच भागात जेवणाच्या वेळी आया पोरांच्या हाती वाट्या-बशा देऊन एकमेकींकडे पदार्थ धाडतात. पोरं गल्लीत एकमेकांना आडवी जातात, प्रत्येकाच्या हातात दुसऱ्याच्या घरचं काहीतरी. रिकामी वाटी परत येत नाही. माझ्या सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना ना कोरियन येतं ना इंग्रजी. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या, हात थांबले. "कुणाची भाजी कुणाकडे गेली, परत लाव," म्हणाल्या.

त्याच भागात मधली मुलगी दॉक्सन रडते, कारण तिचा वाढदिवस दरवर्षी थोरलीच्याच केकवर उरकतात. सासूबाई स्वतः पाच जणींत तिसऱ्या. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच गप्प केलं. पुढे बाप रात्री तिच्यासाठी वेगळा केक घेऊन येतो, तेव्हा म्हणाल्या, "आमच्या आप्पांना हे सुचलं नाही." विसाव्या भागापर्यंत त्यांनी एकही दिवस चुकवला नाही. सबटायटल कधी वाचली नाहीत.

गाण्यांकडे मी उशिरा आणि भाचीच्या धाकाने वळले. बीटीएस या गाजलेल्या गायकांच्या गटातले सात जण २०२२ च्या डिसेंबरपासून एकेक करून सक्तीच्या लष्करी किंवा पर्यायी सेवेत गेले आणि शेवटचा २०२५ च्या जूनमध्ये सुटला, म्हणजे मी जुन्या गाण्यांवरच वाढलेली चाहती. नवी गाणी बहुधा तिथल्या संध्याकाळी सहाला येतात. कोरिया आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे आपले दुपारचे अडीच. बँकेत जेवणाची सुट्टी नेमकी तेव्हाच संपते. याबद्दल कुणाकडे तक्रार करावी कळत नाही.

अल्बम घेऊ नका, असं स्पष्ट सांगते. डबा सुरेख, फोटोंचं पुस्तक सुरेख, आत सीडी. घरात सीडी लावायला काही नाही. सोबत गटातल्या एकाचा छोटा फोटो, म्हणजे फोटोकार्ड; कुणाचा येईल ते नशीब. मला जो नको होता तोच आला, भाचीने अदलाबदलीत उरकला. लाइटस्टिक त्याहून महाग पडली. परदेशातून एका विक्रेत्याकडून मागवली, वर आयातशुल्क भरलं, आणि खोक्यातून निघाली तर बटण आत रुतलेलं. तक्रारीला उत्तर म्हणून तीन हसरे चेहरे आले. शेवटी गल्लीतल्या मोबाइलवाल्याने चाळीस रुपयांत बटण सोडवून दिलं. तीन बारीक सेल घातले की जांभळी उजळते. मैदानात तुमचा आसन क्रमांक अ‍ॅपमध्ये टाकला की आयोजक हजारो दिव्यांचा रंग एकदम बदलतात. घरात ती फक्त दिवा आहे.

तरी एकदा तिचं चीज झालं. पुण्यात एका थिएटरात बीटीएसच्या मैफलीचं चित्रण दाखवलं, तिथे भाचीबरोबर गेले. गाणं सुरू होताच कॉलेजच्या पोरी सातही जणांची पूर्ण नावं ठरलेल्या क्रमाने, तालात ओरडायला लागल्या. शाहिराच्या मागे झीलकऱ्यांनी कुठे उचलायचं हे जसं बांधलेलं असतं, तसंच. किम नामजुन, किम सॉक्जिन, मिन युंगी... चौथ्या नावाला मीही सूर धरला. शेजारच्या मुलीने वळून पाहिलं आणि "काकू, भारी!" म्हणाली. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी शाबासकी मिळाली नव्हती.

पुढच्या महिन्यापासून दोनपैकी एकच अ‍ॅप ठेवणार आहे, ज्यावर कोरियन अक्षरांतली सबटायटल लावता येतात ते. दुसऱ्याचे पैसे आमचे हे भरत होते. फोनमध्ये त्यांचा नंबर 'उरी नाम्प्यॉन' नावाने आहे. परवा टेबलावर फोन वाजला, तर आमचा शिपाई नाव वाचून म्हणाला, "मॅडम, मणिपूरचे कोण पाहुणे?"