डबीवर नाव नाही, गुण मात्र दोन दिवसांत : हाताच्या एक्झिमावरचं ‘जडीबुटी’ मलम

हात फुटून भेगांतून लस येते, पाण्यात घातले की आग होते, अशा माणसाला कुणी ‘दोन दिवसांत फरक पडेल’ म्हणालं तर तो डबी घेणारच. आमच्या मोठ्या जाऊबाईंनीही घेतली. सांगलीत त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे कणीक मळायची, मग लसूण सोलायचा, पालेभाज्या धुवायच्या, टोमॅटो चिरायचे आणि दुपारी भांड्यांचा ढीग उपसायचा. हात दिवसभर ओलेच. एक्झिमा जुना, थंडीत आणि लग्नसराईत वाढणारा. केंद्र बंद ठेवून दवाखान्यात बसणं त्यांना परवडत नाही, आणि अशी घाईतली माणसंच या मलम विकणाऱ्या लोकांना हवी असतात.

मलमवाल्याचा नंबर भिशीतल्या एका बाईंनी दिला. त्यांच्या पायाच्या चिखल्या म्हणे त्याच्या औषधानं गेल्या. माणूस घरी आला. कपाळाला गंध, खांद्याला झोळी, बोलणं अतिशय नम्र. जाऊबाईंचे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, “ताई, ही अंगातली उष्णता आहे. डॉक्टर वरनं दाबतात, मी मुळातनं काढतो. ह्यात केमिकल अजिबात नाही.” पांढरी प्लॅस्टिकची छोटी डबी, वर हिरव्या पानांचं स्टिकर, त्यावर ‘100% आयुर्वेदिक’. किंमत 450 रुपये. दिवसातून तीनदा चांगलं चोळून लावायचं आणि डॉक्टरांची सगळी औषधं बंद करायची.

ती डबी मी नंतर नीट पाहिली. झाकण उघडलं की कापराचा भपकारा येतो. खालचं मलम मात्र पांढरंशुभ्र, गुळगुळीत, बोटावर घेतलं की क्षणात जिरून जाणारं. पाल्याच्या रसात, तेलात शिजवलेलं मलम असं नसतं. त्याला रंग असतो, ते चिकट असतं, ओढणीला डाग पाडतं. स्टिकरवर बनवणाऱ्याचं नाव नव्हतं, घटक नव्हते, तारीख नव्हती.

गुण आला. दोन दिवसांत खाज थांबली, आठवड्याभरात भेगा मिटल्या. जाऊबाईंनी दोन मैत्रिणींना नंबर दिला. मग डबी संपली, आणि आठ दिवसांत हात पहिल्यापेक्षा जास्त पेटले. लालभडक, सुजलेले, रात्रभर खाज. त्याला फोन केला तर म्हणाला, “घाबरू नका, विष बाहेर पडतंय. आता स्पेशल लागेल.” स्पेशलची डबी 1,200 ला. त्यानं पुन्हा आराम, पुन्हा डबी संपली की आगडोंब. नंतर ‘रक्तशुद्धीचा कोर्स’ म्हणून 8,500 रुपये आगाऊ घेतले, त्यात कसल्याशा काळ्या पुड्या दिल्या. मला सगळ्यात जास्त संताप येतो तो त्या ‘विष बाहेर पडतंय’ या वाक्याचा. औषध सोडल्यावर होणारा त्रास हाच औषध लागू पडल्याचा पुरावा म्हणून गळी उतरवला, म्हणजे मग माणूस तक्रार कशाची करणार?

काही महिन्यांत हातांच्या पाठीवरची कातडी सिगरेटच्या कागदासारखी झाली. चकचकीत, खालच्या शिरा दिसणारी, तव्याची कड नुसती घासली तरी सोलवटणारी. मनगटावर गोल चट्टे उठले आणि कोपराकडे सरकू लागले. तेव्हा मी त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले.

डॉक्टरबाईंनी डबी हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, “थांबवलं की जास्त होतं ना?” मग त्यांनी समजावलं. हे क्लोबेटासोलसारखं तीव्र स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता. नेमकं नाव प्रयोगशाळाच सांगेल, पण कातडी जे दाखवतेय ते दुसऱ्या कशानं सहसा होत नाही. क्लोबेटासोल ही लावायच्या स्टेरॉइडांतली सर्वात जहाल जात. सलग दोन आठवड्यांपलीकडे ते वापरायचं नसतं, आणि इथे महिनोन्‌महिने दिवसातून तीनदा चोळलं जात होतं. स्टेरॉइड सूज आणि खाज दाबतं, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दाबतं. म्हणून मनगटावर गजकर्ण माजलं होतं. चट्ट्याच्या कडेची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर बुरशी दिसलीच.

स्टेरॉइडचं नाव ऐकून जाऊबाई हादरल्या. पण डॉक्टरबाईंनी हेही स्पष्ट सांगितलं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं : एक्झिमा उसळला की स्टेरॉइडचं मलम हे योग्यच औषध आहे. फक्त कोणतं, किती आणि किती दिवस, हे ठरलेलं हवं. ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढली तर ते साधारण अर्धा ग्रॅम भरतं, आणि एका हाताच्या पंजाला, दोन्ही बाजूंना, तेवढं पुरतं. घातक आहे ते लपवून दिलेलं. आपण काय लावतोय हेच माहीत नसेल तर थांबायचं कधी हे कसं कळणार? 2018 साली केंद्र सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं अनुसूची ‘एच’मध्ये टाकली. म्हणजे औषधाच्या दुकानातसुद्धा ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. झोळीतून विकण्याचा तर प्रश्नच येत नाही. आणि खरं आयुर्वेदिक औषध असेल तर त्यावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, घटक, तारीख हे सगळं छापलेलं असावंच लागतं. चांगले वैद्य विनानावाची डबी देत नाहीत. त्यांचीही बदनामी हीच मंडळी करतात.

खरा उपचार मात्र संथ निघाला. आधी गजकर्णाचं औषध, मग हातांसाठी स्टेरॉइड नसलेलं टॅक्रोलिमसचं मलम. डॉक्टरबाईंनी डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट पाहून विचारलं, “लसूण सोलताना पाकळी ह्याच हातात धरता का?” नेमक्या त्या तीन बोटांची टोकं सर्वात जास्त चिरली होती. हात शांत झाल्यावर ॲलर्जी कशाची ते शोधणारी पॅच टेस्ट केली. पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवतात, पाठीला पाणी लागू द्यायचं नाही. लसणाची ॲलर्जी निघाली. लसणातला ॲलर्जी आणणारा घटक साध्या रबरी हातमोज्यातूनही आत जातो, म्हणून आता लसूण केंद्रातल्या मावशी सोलतात. भांड्यांसाठी आत सुती मोजे आणि वर रबरी, आतून ओले झाले की लगेच बदलायचे. अंगठी काढून ठेवायची, कारण साबण तिच्याखाली अडकून राहतो. हात कोमट पाण्यानं धुवून, टिपून, ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली. कोकणातल्या आमच्या मामी कोकमाचं तेल लावतात, तेही चांगलं ओलावा धरतं. भेगांवर लिंबू चोळण्याचा सल्ला मात्र कुणी दिला तर ऐकू नका, कातडी आणखी जळते. इतकं सगळं करून हात बरे व्हायला महिने गेले. दोन दिवसांत नाही.

मधल्या काळात भाऊजींनी त्या माणसाला फोन लावून सरळ विचारलं, यात स्टेरॉइड आहे का? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “डॉक्टर लोकबी तेच देतात की.” त्यानंतर नंबर बंद.

उरलेली डबी, ऑनलाइन पैसे पाठवल्याच्या नोंदी आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आम्ही जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात लेखी तक्रार दिली. तुमच्या घरात अशी डबी असेल तर रागानं फेकून देऊ नका, झाकण लावून ठेवा. डबी नसेल तर तपासायला काहीच उरत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. आणि बरेच दिवस लावत असाल तर घाबरून एकदम बंद करण्याऐवजी डबीसकट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, सोडण्याची पद्धत ते सांगतील.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे जयसिंगपूरच्या मैत्रिणीनं नुकताच एक फोटो पाठवला. डबी तशीच, कापराचा वासही तोच म्हणाली, स्टिकरवर आता कोरफड आहे. तिच्या घरी ते मलम सात महिन्यांच्या बाळाच्या गालांना लावत होते. बाळाची कातडी पातळ, औषध मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त आत शोषलं जातं. त्याच संध्याकाळी तिला बाळ आणि डबी दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे पाठवलं.