फ्लाय ॲशच्या भरावात पावणेपाच लाख गेले, निदान तुम्ही तरी जपा

शिळफाट्याहून दिव्याकडे जाताना माझी सहा गुंठे जागा आहे. खाली काळा चिखल. गोडाऊनसाठी पाच फूट भराव हवा होता. ठेकेदार म्हणाला, "साहेब, मुरूम जड पडेल, राख टाकू." राख म्हणजे फ्लाय ॲश, औष्णिक वीज केंद्रात कोळसा जळून उरते ती. ती हलकी असते, मऊ जमिनीवर तिचा भार कमी पडतो, हे खरंच आहे. म्हणून तर मी मान डोलावली. ९६ खेपा, प्रत्येकी ४,५००, म्हणजे ४,३२,०००. रोलरचे ३८,०००. टेस्ट रिपोर्टचे ६,५००. एकूण ४,७६,५००, सगळे आगाऊ.

तो रिपोर्ट आठवला की अजून झोप उडते. दाबल्यावरची कोरडी घनता (पाण्याचं वजन सोडून) १.८२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, दाबायला लागणारं पाणी ११ टक्के. मी डिप्लोमा सिव्हिल, १९ वर्षं साइटवर काढलीत. राखेची घनता दीडच्या पुढे क्वचित जाते, आणि दाबायला तिला पाणी वीस टक्क्यांच्या वर लागतं. हे आकडे सरळ मुरमाचे होते! पण त्या दिवशी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. कागद न वाचता फाइलला लावला.

साइटवर पाण्याचा टँकर आलाच नव्हता. थर वीस-पंचवीस सेंटिमीटरचे हवेत, प्रत्येक थर ओला करून दाबायचा. इथे पाच फूट ओतून शेवटी वरून रोलर फिरवला. ओल्या राखेचा मुठीत लाडू वळतो, त्याला भुलू नका. ती चिकट नसते. कोरडी पडली की भुरभुरते, पाणी मुरलं की वाहते. म्हणून कडेला आणि वर मातीचं आवरण लागतं. माझ्याकडे तेही नव्हतं.

जुलैत पश्चिमेचं जोतं १४ इंच खचलं. खणलं तर दोन फुटांखाली डेब्रिज, फुटक्या टाइल्स, सिमेंटच्या गोण्या.

पोलीस म्हणाले, दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा. तीन फेऱ्या मारल्या, साधा अर्जसुद्धा घेतला नाही. प्रदूषणवाल्यांनी विचारलं, राख कुठल्या वीज केंद्राची? ट्रकसोबतच्या चलनावर केंद्राचं नावच नाही. ते खेपेगणिक तपासून घ्या! पालिकेत गेलो तर मलाच विचारलं, भरावाची परवानगी दाखवा. शेजारच्या शेतात राखेचं पाणी गेलं, त्याची नोटीसही माझ्याच नावावर. ज्यानं पैसे खाल्ले त्याला कुणी एक फोन केला नाही.

घनतेची चाचणी स्वतःसमोर, प्रत्येक थरावर करून घ्या. लॅब तुम्ही निवडा, ठेकेदारानं नव्हे. पैसे थरागणिक द्या.

नोटिशीला उत्तर द्यायला १५ दिवस आहेत. हा भराव उपसायचे २,१०,००० सांगितलेत.