रासायनिक की सेंद्रिय? आधी पीक सांगा

पुढच्या खरिपापासून युरिया बंद करावा का, असं विचारणारा शेतकरी आता गावोगावी भेटतो. शेत रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात आहे की शिंदखेड्याच्या कोरडवाहूत, हे न विचारता जो उत्तर देईल त्याचं ऐकू नका. सभेतले वक्ते तर हमखास विचारत नाहीत. एक सांगतो, जगाला खाऊ घालायचं तर युरियाला पर्याय नाही. दुसरा सांगतो, सगळे आजार युरियानेच आले. तुमच्यासमोर वाटा तीन आहेत: पूर्ण रासायनिक, पूर्ण सेंद्रिय, आणि दोन्हींचा मेळ, ज्याला कृषी विद्यापीठं एकात्मिक म्हणतात. माझं मत मेळाच्या बाजूने आहे, पण सरसकट नाही.

आधी नत्राचा हिशेब

युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के. म्हणजे २० किलोच्या थोडं वर. अनुदानामुळे तिची किंमत २६६ रुपये ५० पैसे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात नत्र अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. त्या एका गोणीइतकं नत्र शेणखतातून घ्यायचं तर चार टन खत लागेल.

आता हाच हिशेब दोन पिकांना लावा. कोरडवाहू दादरला, म्हणजे रब्बी ज्वारीला, एकरी साधारण २० किलो नत्र पुरतं. चार टन शेणखत दोन-चार जनावरं असलेल्या घरात जमू शकतं. शिवाय खरिपात मूग किंवा उडीद घेऊन त्याच्या बेवडावर, म्हणजे ते निघाल्यावर त्याच रानात, दादर पेरली, तर गरज आणखी कमी होते, कारण या द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र ओढतात. जुन्या लोकांची पद्धत हीच होती. कळण्याच्या भाकरीतली ज्वारी आणि उडीद एकाच शेतातून निघतात ते यामुळेच. इथे सेंद्रिय वाट धरायला काहीच हरकत नाही.

केळीचं तसं नाही. ऊतीसंवर्धित (टिश्यू कल्चर) ग्रँड नैन वाणाच्या एका झाडाला सुमारे २०० ग्रॅम नत्र द्यायची शिफारस आहे. एकरात १७०० झाडं धरली तर ३४० किलो नत्र झालं. नुसत्या शेणखतातून ते द्यायचं तर एकरी ६८ टन! एवढी जनावरं तुमच्या गावात तरी आहेत का? ज्यांनी ट्रॅक्टर घेतले आणि बैल विकले, त्यांनी तर हा प्रश्न विचारूही नये.

जीवामृताबद्दल लोक विचारतात. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन. या सगळ्यांत मिळून नत्र जेमतेम पाव किलो भरतं. त्यातले जिवाणू जमिनीतलं अन्नद्रव्य मोकळं करतात, असं समर्थकांचं म्हणणं. पण मोकळं होणारं नत्र मुळात जमिनीत असावं लागतं, आणि पिकाबरोबर दरवर्षी ते शेताबाहेर जातं. द्विदल पीक, शेणखत आणि पालापाचोळा यांची जोड असेल तर जीवामृत वापरा. त्याच्या एकट्याच्या भरवशावर बागायत सोडू नका.

जगाचा प्रश्न याच हिशेबातला

जगाची लोकसंख्या २०२२ मध्ये ८०० कोटींवर गेली. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे २०८० च्या दशकात ती सुमारे १०३० कोटींपर्यंत जाईल. हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवण्याचा कारखाना जर्मनीत १९१३ साली सुरू झाला. आज जगातली जवळपास निम्मी माणसं त्या नत्रावर पिकलेलं अन्न खातात. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचं उत्पादन कोसळलं, चहालाही फटका बसला आणि नोव्हेंबरात निर्णय मागे घ्यावा लागला. सिक्कीम २०१६ साली पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून जाहीर झालं खरं, पण त्याआधी तिथे दशकभर तयारी चालली होती आणि मुळातच तिथे खतांचा वापर थोडा होता.

मग युरिया ओतत राहायचा का? तसंही नाही. टाकलेल्या नत्रातलं निम्म्याच्या आसपासच पिकाच्या पोटात जातं. बाकीचं हवेत उडतं किंवा पाण्याबरोबर झिरपून विहिरीत, बोअरमध्ये उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत जास्त. स्वस्त आहे म्हणून ‘एक गोणी वरून’ टाकायची सवय आपल्याकडे आहे, ती आधी मोडा. ठिबक असेल तर व्हेंच्युरीतून (पाण्यात खत ओढून घेणारं साधन) थोडा थोडा युरिया सोडा. घड कापल्यावर केळीची खोडं बांधावर फेकू नका. त्यांत भरपूर पालाश (पोटॅश) असतं, तुकडे करून बागेतच कुजवा.

खाणाऱ्याची आणि फवारणाऱ्याची सुरक्षा

इथे मात्र माझा कौल रासायनिक वाटेच्या विरोधात झुकतो. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या वांग्याचा खरा वैरी शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. तिच्यावरच्या एका औषधाचा प्रतीक्षा काळ, म्हणजे फवारणीनंतर तोडणीला थांबायचे दिवस, ३ दिवस, तर दुसऱ्याचा २२ दिवस. वांगी दर चार-पाच दिवसांनी तोडावी लागतात. मग २२ दिवसांचं औषध ऐन तोडणीत मारलं तर ते कुणाच्या ताटात जातं? डब्यावरचा हिरवा त्रिकोण बघून निर्धास्त होऊ नका. तो रंग विषाची तीव्रता सांगतो, थांबायचे दिवस लेबलावर वेगळे लिहिलेले असतात.

भाजीपाल्यात म्हणूनच एकात्मिक वाट चांगली: कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), किडके शेंडे खुडून नष्ट करणं, पाच टक्के निंबोळी अर्क, आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर कमी प्रतीक्षा काळाचं औषध. बीटी वांगं, म्हणजे अळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं वांगं, हा आणखी एक पर्याय होता. भारताने २०१० मध्ये ते थांबवलं, बांगलादेशाने २०१३ मध्ये परवानगी दिली. पण निव्वळ बियाण्यावर विसंबण्याचं काय होतं, ते कापसात बघितलंच आहे. बीटी कापूस २००२ मध्ये आला, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये, आणि गुलाबी बोंडअळी दोन्हींना पुरून उरली. त्यानंतरच्या फवारण्यांची किंमत मजुरांनी मोजली. यवतमाळात २०१७ साली फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली.

सेंद्रिय म्हटलं की आपोआप सुरक्षित, हेही खरं नाही. ओला मका ढिगात ठेवला तर त्यावर बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. मक्याला खत कुठलं घातलं होतं, हे बुरशी विचारत नाही. केळी कार्बाइडने पिकवायला बंदी आहे, इथिलीन वायूला परवानगी आहे. सेंद्रिय केळीही कार्बाइडच्या खोलीत गेली तर सगळी मेहनत वाया.

पैसा

प्रमाणपत्राशिवाय ‘सेंद्रिय’ला मोंढ्यात एक रुपयाही जास्त मिळत नाही. प्रमाणपत्राला दोन-तीन वर्षं लागतात, आणि उत्पन्न घटायचं ते याच काळात घटतं. सगळं शेत एकदम बदलू नका. दादर, मूग, उडीद आणि घरच्या भाजीचा तुकडा आधी सेंद्रिय करा. केळी, मका आणि कापूस एकात्मिक ठेवा. दर वर्षी घेणारं ठरलेलं गिऱ्हाईक जोडता आलं, तर एकेक एकर वाढवा.

कुठलीही वाट धरलीत तरी उन्हाळ्यात, खत टाकायच्या आधी माती तपासून घ्या. नमुना शेतातल्या आठ-दहा जागांचा एकत्र करून अर्धा किलो काढा. बांधाजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याच्या जागेची माती त्यात घेऊ नका.